घोडवाट उरली, घोडे गेले: सेंट्रल पार्कमधल्या घोडेस्वारीचं प्रकरण

२९ एप्रिल २००७, रविवार. न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या ८९व्या पश्चिम रस्त्यावरची क्लेअरमाँट रायडिंग अकॅडमी ही तबेला असलेली घोडेस्वारीची शाळा त्या दिवशी कायमची बंद झाली आणि तिच्याबरोबर सेंट्रल पार्कमधली रोजची घोडेस्वारी संपली. तबेल्यापासून पार्क दीड ब्लॉकवर. पार्कात खास घोड्यांसाठी आखलेली सव्वाचार मैलांची, म्हणजे जवळजवळ सात किलोमीटरची मऊ मातीची वाट. ती वाट कोणी उखडली नाही, तिच्यावर डांबर घातलं नाही. घोड्यांवर बंदी आली नाही. तबेल्याची इमारतही पाडली गेली नाही. ती आजही जागेवर उभी आहे आणि कायद्याने संरक्षित आहे. तरीही स्वारी थांबली.

शहरातून एखादी जुनी गोष्ट नाहीशी झाली की आपल्याला दोषी पटकन सापडतो. बिल्डर, रस्तारुंदी, नाहीतर एखादं फर्मान. इथे यातलं काहीच नव्हतं, म्हणून हे प्रकरण मला तपशिलात मांडावंसं वाटलं. मोठ्या बागेत घोडेस्वारी टिकवायची तर नेमकं काय जपावं लागतं, ते इथे उघड दिसतं.

वाट आखली कशी

सेंट्रल पार्कचा विस्तार ८४३ एकर. १८५८ मध्ये फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट वॉक्स यांचा ‘ग्रीन्सवर्ड’ आराखडा पार्कसाठी निवडला गेला. शहराची आडवी वाहतूक पार्कातून जाणं भाग होतं, पण ती बागेत आलेल्या माणसाच्या नजरेस पडू नये, म्हणून त्यांनी चार रस्ते जमिनीच्या पातळीखाली खोलगट नेले. ही त्या आराखड्यातली सर्वांत गाजलेली कल्पना. घोड्यांची सलग स्वतंत्र वाट मात्र मूळ आराखड्यात तशी नव्हती. पार्कच्या आयुक्तांपैकी रॉबर्ट डिलन आणि ऑगस्ट बेलमाँट यांनी आराखड्यावर आक्षेप घेतले. स्वारांना वेगळी वाट हवी, हा त्यातला एक. ओल्मस्टेड आणि वॉक्स यांनी तो मानला आणि पुढे नेला. बग्गीचा रस्ता, घोडवाट आणि पायवाट अशी तीन जाळी आखली, आणि जिथे ती एकमेकांना छेदतील तिथे एक वरून, एक खालून. पार्कातले तीसहून अधिक पूल आणि कमानी बऱ्याच अंशी या निर्णयातून उभ्या राहिल्या.

पार्कातल्या मोठ्या जलाशयाच्या उत्तरेला अठ्ठावीस क्रमांकाचा पूल आहे. सगळे त्याला गॉथिक ब्रिज म्हणतात. १८६४ चा, ओतीव लोखंडाचा, बाजूंना वेलीसारखी वळणं घेणारा. वरून माणसं चालणार, खालून घोडे जाणार. ज्या काळी घोडा म्हणजे रोजचं वाहन होतं, त्या काळीसुद्धा पायी चालणारा आणि घोडा यांची समोरासमोर गाठ पडू नये यासाठी लोखंड ओतून पूल बांधावा असं त्या माणसांना वाटलं. त्या पुलाकडे नुसती नक्षी म्हणून पाहू नये असं मला मनापासून वाटतं. घोड्याचा स्वभाव ओळखून केलेलं ते बांधकाम आहे.

पण एक फट राहिली. पूल वाट ओलांडू पाहणाऱ्याला वेगळं करतो. वाटेवरूनच लांबवर चालत किंवा पळत जाणाऱ्याला तो अडवू शकत नाही. त्या काळी याची गरज पडली नसावी. शंभर वर्षांनी पडली.

तबेला

क्लेअरमाँटची इमारत १८९२ ची. वास्तुकार फ्रँक रूक. आसपासच्या रहिवाशांचे घोडे आणि बग्ग्या ठेवायची आणि भाड्याने द्यायची जागा म्हणून ती बांधली गेली. मोटारी आल्या, बग्ग्या गेल्या, आणि १९२७ मध्ये तिथे घोडेस्वारीची शाळा सुरू झाली. तेव्हापासून २००७ पर्यंत ऐंशी वर्षं.

आतली रचना तबेल्याची म्हणून ओळखीची आणि तरी विलक्षण. जमीन महाग, त्यामुळे घोडे मजल्यांवर. तळघरात ठाणं आणि वरच्या मजल्यावरही ठाणं. घोडे उतरत्या रॅम्पवरून खाली-वर जायचे. तळमजल्यावर शिकवण्याचं रिंगण, आणि त्या रिंगणात मधोमध इमारतीचे खांब. मोकळ्या मैदानात शिकणाऱ्याला वळण थोडं चुकलं तरी चालतं, इथे खांब समोर उभा. अशा जागेत शिकलेल्याची मांड पक्की होते आणि हातही हलका होतो, कारण लगाम ओढून घोडा फिरवायला तिथे जागाच नसते. पायाने आणि अंगाच्या तोलाने फिरवावा लागतो.

ज्याला चाल, दुडकी आणि कँटर (दुडकीहून वेगाची दौड) तिन्ही सांभाळता येतात त्याला पार्कात जाता येई. तबेल्याच्या दारातून घोडा थेट शहराच्या रस्त्यावर. आधी कोलंबस अॅव्हेन्यू, मग सेंट्रल पार्क वेस्ट, असे दोन मोठे रस्ते गाडीघोडा सांभाळत ओलांडायचे आणि ९०व्या रस्त्याजवळच्या वाटेने आत शिरायचं. टॅक्सी, ट्रक, सायरन यांतून शांतपणे चालत जाणारा घोडा तयार करणं हे वर्षानुवर्षांचं काम आहे. तबेला बंद होतो तेव्हा इमारत रिकामी होते हे सगळ्यांना दिसतं. अशा रस्त्याला सरावलेले घोडे आणि त्यांना ओळखणारे मोतद्दार पांगतात, ते कुणाच्या हिशेबात येत नाही. ते पुन्हा गोळा करायला पैसा पुरत नाही, वेळ लागतो.

ही इमारत एकदा जाता जाता वाचली होती. १९६०च्या दशकात पश्चिम भागाच्या पुनर्विकासासाठी शहराने ती ताब्यात घेतली. तिथे घरं बांधायची होती. ते झालं नाही. तबेला चालवणाऱ्या कुटुंबाने पुढे ती शहराकडून परत विकत घेतली. १९८० मध्ये तिची नोंद ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय यादीत झाली, १९९० मध्ये शहराने तिला वारसा दर्जा दिला. पार्कला तर राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा मान आधीच, १९६०च्या दशकात, मिळालेला होता. कागदावर दोन्ही टोकं सुरक्षित झाली होती.

वाटेवर कोण आलं

बंद करताना मालकांनी दोन कारणं दिली. चालवण्याचा वाढता खर्च, आणि पार्कातल्या घोडवाटेची अवस्था. दुसऱ्या कारणाकडे आधी पाहू, कारण पहिलं बरंचसं त्यातून निघतं.

१९६६ पासून सुटीच्या दिवशी पार्कातले रस्ते मोटारींना बंद होऊ लागले. लोक पळायला, सायकल चालवायला मोठ्या संख्येने येऊ लागले. १९७० मध्ये पहिली न्यूयॉर्क सिटी मॅरेथॉन झाली ती अख्खी सेंट्रल पार्कच्या आतच, फेऱ्यांवर फेऱ्या घेत. १२७ जण उतरले, ५५ जणांनी ती पुरी केली. सहाच वर्षांत तीच शर्यत शहराच्या पाचही भागांतून धावू लागली. धावणं हा मोजक्यांचा नाद होता, तो शहराची सवय झाला. हे चांगलंच झालं. बागेत माणसं यावीत म्हणूनच बाग असते.

पण पळणाऱ्याच्या गुडघ्याला डांबर नको असतं, माती हवी असते. आणि घोडवाट म्हणजे मातीच. घोड्याच्या खुरांना आणि पायांच्या शिरांना हवी म्हणून जी वाट मऊ ठेवली होती, ती त्याच मऊपणामुळे पळणाऱ्यांना आवडली. जलाशयाभोवती पळणाऱ्यांसाठी दीड मैलाहून थोडी मोठी स्वतंत्र धावपट्टी आहे, तिच्या लगतच खालून घोडवाट जाते. गर्दीच्या वेळी वरची पट्टी भरली की लोक खाली उतरतात, आणि एकदा उतरले की तिथेच रमतात. पळणाऱ्यांच्या मागे बाबागाड्या आल्या, कुत्री आली. न्यूयॉर्कच्या बागांत सकाळी नऊपर्यंत आणि रात्री नऊनंतर ठरावीक जागी कुत्र्यांना मोकळं सोडायची मुभा आहे. घोडवाटेवर पट्टा बांधलेलाच हवा असा नियम आहे, पण शेजारच्या हिरवळीवर मोकळं सोडलेलं कुत्रं वाटेच्या कडेशी थांबेल असं थोडंच आहे? आणि सकाळची वेळ हीच स्वारांचीही सगळ्यात चांगली वेळ.

इथे घोड्याबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण ज्याने कधी खोगिरावर बसून पाहिलेलं नाही त्याला हा सगळा गर्दीला कंटाळलेल्या हौशी लोकांचा तक्रारीचा सूर वाटू शकतो. तसा तो नाही.

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं, फक्त नाकाच्या अगदी पुढचं आणि शेपटीच्या थेट मागचं दिसत नाही. शिकारी जनावराच्या तोंडी पडणारा प्राणी आहे तो. जे दिसत नाही आणि जवळ येतं, त्यापासून पळणं हेच त्याच्या रक्तात आहे. आता एक वळण डोळ्यांसमोर आणा. दोन्ही बाजूंनी झुडपं. घोडा दुडकीवर. मागून कानात हेडफोन घातलेला माणूस पळत येतोय. त्याचे बूट मातीवर वाजत नाहीत. आधी घोड्याचा एक कान मागे वळतो. मग मान दोन बोटं वर येते. मग खोगिराखालची पाठ एकदम ताठ होते. मांड्यांना ती लाकडासारखी लागते. स्वाराला कळायला एवढाच अवधी असतो. माणूस झुडपाच्या कडेने पुढे निघतो आणि पाचशे किलोचं जनावर एका उडीत हातभर बाजूला सरकतं. बाजूला बाबागाडी असेल तर?

इथे कोणी वाईट वागलेलं नाही. पळणारा पळतोय, घोडा घोड्यासारखा वागतोय. म्हणूनच वाटा वेगळ्या हव्या होत्या आणि म्हणूनच त्या वेगळ्या आखल्या होत्या.

अनुभवी स्वार अशा वेळी काय करतो? दुडकी सोडून चालीवर येतो. दुसऱ्या वळणावर पुन्हा तेच. तासाभराची सगळी स्वारी चालीवर होते. ज्याला कँटर करायचा आहे, जो त्यासाठीच शहराच्या रस्त्यावरून घोडा सांभाळत आत आलाय, तो दोनचारदा येईल आणि मग यायचं सोडेल.

हिशेब

तबेल्याच्या हिशेबात इथूनच भगदाड पडतं. मोकळ्या मैदानाचं रिंगण, हवेशीर पागा हे सगळं शहराबाहेर यापेक्षा चांगलं मिळतं. क्लेअरमाँटकडे जे होतं ते दुसऱ्या कोणाकडे नव्हतं: मॅनहॅटनमध्ये राहून, दीड ब्लॉक ओलांडून सेंट्रल पार्कात स्वारी. तेच नकोसं झालं तर मागे काय उरतं? खांब असलेलं लहानसं रिंगण.

दुकानात गिऱ्हाईक आलं नाही तर माल कपाटात राहतो. घोड्याचं तसं नाही. पाचशे किलोचा घोडा दिवसाला आठ ते दहा किलो गवत खातो, तीस-चाळीस लिटर पाणी पितो आणि वीस किलोच्या आसपास लीद टाकतो, स्वार येवो न येवो. नालबंद दीडदोन महिन्यांनी यायलाच हवा. पशुवैद्य आहे, विमा आहे, मोतद्दारांचे पगार आहेत. आता हे सगळं मॅनहॅटनच्या एका निवासी गल्लीत करून बघा: गवताच्या गासड्या ट्रकने आत आणायच्या, मजल्यांवर चढवायच्या, लीद खाली उतरवून शहराबाहेर पाठवायची. वर, ज्या जमिनीवर हे चाललंय तिची किंमत दर वर्षी वाढते आणि तिच्याबरोबर करही.

या हिशेबाला घोड्याच्या बाजूनेही पाहिलं पाहिजे. मजल्यावर राहणाऱ्या घोड्याला कुरण नसतं. मोकळं सुटणं, जमिनीवर लोळणं, दुसऱ्या घोड्याची मान खाजवणं, हे घोड्याला खरोखर लागतं. शहरी तबेल्यावर ही टीका कायम होत आली आणि ती मला रास्त वाटते. मात्र तिचा अर्थ नीट लावायला हवा. असल्या घोड्याला पार्कातली ती सात किलोमीटरची माती हा चैनीचा भाग नव्हता. दिवसातली ती त्याची एकच मोकळी जमीन. वाट गर्दीने आखडली तेव्हा स्वाराचा छंद आखडला, आणि घोड्याचं आयुष्य त्याहून जास्त आखडलं.

जबाबदारी कोणाची होती

पार्क शहराच्या उद्यान खात्याचं. देखभाल १९८० मध्ये स्थापन झालेल्या सेंट्रल पार्क कॉन्झर्व्हन्सीची. नियम मोडणाऱ्याला हटकायचं तर ते गस्तीच्या माणसांचं काम. तबेल्याची दर्शनी भिंत वारसा आयोगाच्या अखत्यारीत. घोडे, मोतद्दार, विमा हे सगळं मालकाचं. आणि स्वारी? सकाळी सात वाजता एखादी मुलगी घोडा घेऊन आत येते, गॉथिक ब्रिजखालून जाते आणि सुखरूप परत येते, ही संपूर्ण गोष्ट कोणाच्या यादीत होती? कोणाच्याच नाही.

वारसा म्हणून जे जपलं ते विटा, कमानी आणि नकाशा. या प्रत्येकाचा उपयोग काय होता, तो उपयोग कोणत्या साखळीने चालायचा, हे जपायची व्यवस्थाच नव्हती. दर्जा दिल्याने इमारत पाडता येत नाही, पण आत घोडे ठेवलेच पाहिजेत असं कोणी मालकाला सांगू शकत नाही आणि सांगूही नये. तोट्यात धंदा चालवायची सक्ती कोणावर करणार? घोडवाट तुटली ती पार्कात नाही, कागदांच्या मधल्या रिकाम्या जागेत.

तबेला बंद झाल्यावर काही काळ ब्राँक्समधल्या रिव्हरडेल अश्वकेंद्रातून घोडे ट्रेलरने आणून सेंट्रल पार्कात मार्गदर्शकाबरोबर फेऱ्या करवल्या गेल्या. चांगला प्रयत्न. पण घोडा ट्रेलरमध्ये चढवून, शहराच्या रहदारीतून आणून, तासभर फिरवून परत नेणं हा पाहुण्यांसाठीचा कार्यक्रम होऊ शकतो, रोजची घोडेस्वारी नाही. स्वारी टिकते ती पायी पोचता येईल इतक्या अंतरावर घोडा झोपत असेल तरच.

लंडनच्या हाइड पार्कशी ताडून पाहिलं की हे जास्त स्पष्ट होतं. तिथली रॉटन रो ही वाट सतराव्या शतकाच्या अखेरीस राजा तिसरा विल्यम याने केन्सिंग्टन राजवाड्याकडे जाण्यासाठी करून घेतली. आजही तिच्यावर घोडे चालतात. पार्क सेंट्रल पार्कच्या निम्म्याहूनही लहान, गर्दी तिथेही भरपूर. फरक मला मुख्यतः एकाच गोष्टीत दिसतो. पार्कला लागूनच हाउसहोल्ड कॅव्हलरीची, म्हणजे राजघराण्याच्या रक्षक घोडदळाची, बराक आहे आणि त्यांचे घोडे सकाळी व्यायामाला याच वाटांवर येतात. वाटेवर रोज घोडे दिसले की माणसं आपोआप कडेने चालतात, कुत्र्याचा पट्टा आखडतात, मुलांना हाताशी धरतात. फलकाने जे साधत नाही ते रोजच्या टापांनी साधतं. मग त्याच सवयीच्या आधाराने जवळच्या गल्लीतला खाजगी तबेलाही तग धरतो. सेंट्रल पार्कमध्ये उलट चक्र फिरलं: घोडे कमी म्हणून लोक बिनधास्त, लोक बिनधास्त म्हणून घोडे आणखी कमी.

काय करता आलं असतं

ब्राँक्समधल्या ज्या केंद्राचा वर उल्लेख आला ते व्हॅन कोर्टलंड पार्कच्या आतच आहे. जागा शहराची, चालवणारा परवान्यावर. मला ही एक गोष्ट बाकी सगळ्यांपेक्षा महत्त्वाची वाटते. तबेला बागेच्या हद्दीत असेल तर जमिनीचा भाव त्याला गिळत नाही, रस्ता ओलांडायचा प्रश्न राहत नाही, आणि घोड्यांना मोकळं सोडायला तुकडाभर जमीनही काढता येते. ८४३ एकरांत लहानशा पागेला जागा काढता आलीच नसती, असं मी मानत नाही. त्यासाठी झाडं तोडा असं मी म्हणत नाही. पार्कात गोदामं आणि देखभालीची आवारं आहेतच.

जागा नाही तर निदान वेळ तरी. आठवड्यातल्या काही सकाळी, दोन तास, जलाशयाभोवतीचा पट्टा फक्त घोड्यांचा, आणि त्या दोन तासांत वाटेच्या तोंडाशी एक माणूस उभा. पळणाऱ्यांना त्याच वेळी वरची पट्टी मोकळी आहेच. यात कोणाचं काही कायमचं जात नाही. घोड्याला दिवसभर वाट नको असते, दोन तास निर्धास्त हवी असते.

वाट मोकळी ठेवा असं नुसतं लिहून ठेवणं मात्र निरुपयोगी ठरलं असतं, आणि ठरलंच. वापर रोखायचा तर त्याच्या शेजारी तितकाच चांगला पर्याय द्यावा लागतो.

क्लेअरमाँटची इमारत पुढे तिच्या पाठीमागेच असलेल्या स्टीफन गेनर स्कूलने घेतली. शिकताना वेगळी मदत लागणाऱ्या मुलांची ती शाळा आहे, आणि इमारतीला असा उपयोग मिळाला याचा मला आनंद आहे. जून २०१८ पासून, ते चार खोलगट रस्ते सोडले तर, पार्कातल्या रस्त्यांवरून मोटारी पूर्ण बंद झाल्या, त्यामुळे सायकली आणि पळणारे आणखी वाढले. घोडवाटेची निगा राखली जाते. पार्कच्या नकाशात तिचं नाव तेच आहे, नियमाने घोड्याला तिथे आजही मज्जाव नाही. गॉथिक ब्रिजवर लोक फोटो काढतात, खालून बाबागाड्या जातात.